झाड आजारी आहे हे कसे ओळखावे?

आमच्या शाळेच्या आवारात आंब्याचे एक जुने झाड आहे. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्याच सावलीत डबा खातो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आले आणि झाडाची एक मोठी फांदी कडाडकन मोडून पडली. रविवार होता म्हणून कोणाला लागले नाही. फांदी आतून पोकळ निघाली. काही मोठी माणसे म्हणाली, "झाड कुजलंय, तोडून टाका." मी म्हणालो, "झाड हिरवंगार आहे, त्याला काही झालेलं नाही." गुरुजी म्हणाले, "तुम्ही कोणीच झाड नीट बघितलेलं नाही. आधी तपासू, मग बोलू." माझे आजोबा आंब्याची कलमे बांधतात. गुरुजींनी त्यांनाही बोलावले. तेव्हा जे कळले ते मी येथे लिहीत आहे.

खोडाच्या आत काय असते?

मोडलेल्या फांदीचा एक तुकडा गुरुजींनी करवतीने सरळ कापून दाखवला. बाहेर साल असते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे जाते. सालीखाली एक अगदी पातळ जिवंत थर असतो. तो नवे लाकूड आणि नवी साल तयार करतो. त्याच्या आतल्या लाकडातून पाणी वर चढते. जुन्या झाडात अगदी मधले लाकूड मेलेले असते, पण ते झाडाला आधार देते.

म्हणून मधून पोकळ झालेले झाडही हिरवे राहू शकते. उलट लाकूड चांगले असले तरी साल चारी बाजूंनी गोल काढली तर झाड वाळते. आमच्या आंब्याच्या एका फांदीला कोणीतरी तार करकचून बांधली होती. ती सालीत रुतली होती. आजोबांनी ती आधी सोडवली.

गुरुजी म्हणाले, "झाडाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. ते जिवंत आहे का? आणि ते मजबूत आहे का?" हे दोन प्रश्न निराळे आहेत हे मला तेव्हा समजले.

तपासणी कशी करावी?

१) पाने बघावीत. आंब्याचे पान चुरगळले की कैरीसारखा वास येतो. आमच्या झाडावर एका जागी जाड, निराळी पाने दिसली. ते बांडगूळ होते. पक्षी त्याची फळे खातात व चिकट बी फांदीला पुसतात. तेथे ते रुजते आणि फांदीतले पाणी पिते. ते वेळीच काढले नाही तर पुढची फांदी वाळत जाते.

२) फांदीची साल नखाने थोडी खरवडावी. आत हिरवे व ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडे असेल तर मेलेली. पळस आणि सावर यांची पाने गळतात, म्हणजे ती झाडे मेली असे नाही.

३) बुंध्याशी भुसा पडला आहे का ते बघावे. आंब्याच्या खोडात भिरूड नावाच्या किड्याची अळी शिरते व लाकूड पोखरते. तिच्या भोकातून भुसा बाहेर येतो.

४) खोडाला चिकटलेल्या कडक छत्र्या शोधाव्यात. ही बुरशी असते. छत्री बाहेर दिसते तोवर आतले लाकूड बरेच कुजलेले असते.

५) खोड वाजवून बघावे. बाजारात मडके घेताना आई टकटक वाजवून बघते, तसेच. आम्ही घरून धोपाटणे आणले. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो. पोकळ जागी भद्द असा येतो.

आमच्या झाडाचे काय निघाले?

छातीच्या उंचीवर सुतळीने मोजला तर बुंध्याचा घेर ३ मीटर १० सेंटिमीटर भरला. पाने चांगली आहेत, म्हणजे झाड जिवंत आहे. पण नळाकडच्या फांदीवर दोन छत्र्या आहेत आणि तिच्या बेचक्यात चीर आहे. ती फांदी कापायलाच हवी. बुंधा तीन बाजूंनी टणक वाजतो, रस्त्याकडच्या बाजूला खाली भद्द वाजतो. म्हणजे माझेही चुकले होते. हिरवे झाड धोक्याचे असू शकते.

आजोबांनी सांगितले की फांदी कापताना आधी खालून थोडा काप घ्यावा, मग थोडे पुढे वरून कापावी. नाहीतर ती पडताना खोडाची साल ओढून नेते. उरलेला तुकडा कापताना फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा ठेवावा. तेथून नवी साल वाढून जखम झाकते. कोणी म्हणाले, पोकळीत सिमेंट भरा. पूर्वी तसे करत. पण झाड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही. मग फट पडते व पाणी मुरते.

गुरुजींनी एक खरी गोष्ट सांगितली. कोलकात्याजवळ हावडा येथे शिबपूरच्या वनस्पती उद्यानात फार मोठा वड आहे. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत तो मोडला. पुढे त्याच्या मुख्य खोडाला बुरशी लागली. १९२५ साली ते खोड काढून टाकले. तरी तो वड पारंब्यांच्या आधाराने अजून जिवंत आहे. मी म्हटले, "मग आपला आंबाही जगेल!" आजोबा म्हणाले, "बाळा, आंब्याला पारंब्या कुठं असतात? त्याला एकच खोड. म्हणून तेच जपायचं."

येत्या पालकसभेत झाडाचा विषय निघणार आहे. तोवर आम्ही नळाकडे आणि रस्त्याकडे बसत नाही. पालकांना माझी विनंती आहे की वाईट फांदी जरूर कापा, बुंधा जाणकार माणसाला दाखवा आणि मगच ठरवा. आणि सभेला येताना आमचे धोपाटणे घ्या व झाड एकदा स्वतः वाजवून बघा. ते वर्गात खिडकीजवळ ठेवले आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी