बिनतारी जाळें व घराची राखण

“आमच्या घरांत चोरण्यासारखें आहे तरी काय?” असें म्हणून पुष्कळ पालक आपलें वायफाय उघडें ठेवतात, किंवा त्याचा परवलीचा शब्द गल्लीभर सांगतात. परंतु अशा चोरास धन नको असतें. त्यास आपलें नांव हवें असतें. हेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

विंचूरच्या वृद्ध मंडळींस वेशीचें महत्त्व सांगावयास नको. बिनतारी जाळ्यास मात्र भिंतच नसते. राउटरमधून निघालेल्या रेडिओलहरी घराच्या भिंती ओलांडून शेजाऱ्याच्या ओट्यावर व रस्त्यावरहि पोंचतात. शिवाय घरांतील सर्व यंत्रें बाहेरच्या जगास बहुधा एकाच पत्त्यानें दिसतात. सबब आंत शिरलेल्या परक्याचें कृत्य घरधन्याच्या नांवावर पडतें.

ता. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेस बाँबस्फोट झाले. तत्पूर्वीं कांहीं मिनिटें वृत्तवाहिन्यांस धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईंत सानपाडा येथें एका अमेरिकन गृहस्थाच्या घरीं पोंचले. गृहस्थ निरपराध होता. त्याच्या असुरक्षित वायफायचा दुसऱ्यानेंच उपयोग केला होता. तरी चौकशीचा ताप त्यासच सोसावा लागला.

दुसरें भय चोरून ऐकण्याचें. त्यासाठीं संदेश सांकेतिक रूपांत पाठविले जातात. १९९७ सालची ‘वेप’ पद्धति दुबळी असल्याचें २००१ पर्यंत सिद्ध झालें. पुढें २००४ मध्यें ‘डब्ल्यूपीए-२’ व २०१८ मध्यें ‘डब्ल्यूपीए-३’ या पद्धति आल्या. तिसरें भय सोंगाचें: स्टेशनावर ओळखीच्या नांवाचें खोटें जाळें पसरून कोणी आपणांस फसवूं शकतो.

उपाय सोपे आहेत. राउटरबरोबर कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा. नवा शब्द लांब असावा. जन्मतारीख किंवा मोबाईलचा आंकडा नसावा. ‘डब्ल्यूपीए-३’, नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावें. राउटरचें सॉफ्टवेअर वेळोवेळीं अद्ययावत करावें. पाहुण्यांसाठीं निराळें जाळें ठेवावें. फुकटच्या वायफायवर बँकेचा व्यवहार करूं नये.

दारास कडी लावणें म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. लोक निजले असतां वैऱ्यानें शेतांत निदण पेरल्याचा प्रभु येशूचा दाखला विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पीक धन्याचें, पण पेरणारा दुसरा! तेव्हां मुलांनीं आज सायंकाळींच वडिलांसमवेत बसून घरचा राउटर तपासावा, अशी आमची सूचना आहे. सन्मान्य नांव मिळविण्यास आयुष्य लागतें. तें परक्याच्या हातीं जाण्यास एक उघडें दार पुरे होतें.