काउंटरवर जाण्याआधी

नायगाराला निघालाच आहात, तर आदल्या दिवशी इन्शुरन्सवाल्याला फोन कर. न्यूअर्कला भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर, मागे रांग खोळंबलेली असताना पॉलिसी वाचून होत नाही. गाडीचं नुकसान झालं तर कंपनी ते आपल्याकडे मागणार नाही, असं दिवसाला 20-30 डॉलरचं वेव्हर तिथला मुलगा पुढे सरकवतो आणि माणूस सही करून मोकळा होतो. तुझे आतोबा म्हणतात, सगळं घेऊन टाकावं, निदान झोप लागते. मला नाही पटत.

पॉलिसीत 'रेंटल रिइम्बर्समेंट' आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ते तुझी स्वतःची गाडी अपघातात सापडून गॅरेजला गेली तर बदली गाडीच्या भाड्यासाठी. तेही मर्यादेत, दिवसाला 40 डॉलर, फार तर 30 दिवस, अशा धर्तीवर. नुसतं इंजिन बसलं तर छदाम नाही.

सहलीच्या गाडीला कामी येतं ते तुझ्या पॉलिसीतलं कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे गाडीच्याच नुकसानीचं कव्हर. अमेरिकेत आणि कॅनडात ते सहसा भाड्याच्या गाडीलाही लागू होतं, डिडक्टिबल तेवढं आपलं. म्हणजे धबधब्याच्या पलीकडच्या काठावरही चालेल, मेक्सिकोत नाही. पण आपली नवी पोरं जुनी कोरोला घेतात आणि हप्ता वाचवायला नुसती लायबिलिटी ठेवतात. जुन्या गाडीपुरतं ते ठीकच. भाड्याची नवीकोरी एसयूव्ही ठोकलीत, तर मात्र समोरच्याचं भरून मिळेल, हातातल्या गाडीचं नाही. असं असेल तर वेव्हर घे, तिथे माझी ना नाही.

क्रेडिट कार्डाचा आधार असतो, पण अटींसकट. भाडं पूर्ण त्याच कार्डावर भरायचं आणि कंपनीचं वेव्हर नाकारायचं. बहुतेक कार्डं आधी तुझ्या पॉलिसीकडे बोट दाखवतात, उरलेलं मग देतात. माणूस जखमी झाला, तर त्यापोटी कार्ड काही देत नाही. म्हणून तुझ्या रूममेटने, ज्याच्याकडे गाडीही नाही आणि पॉलिसीही नाही, काउंटरवरची जादा लायबिलिटी घ्यावीच. गाडीच्या नुकसानीला गाडीच्या किमतीचा अंदाज तरी असतो, दवाखान्याच्या बिलाला नसतो.

फोनवर 'लॉस ऑफ यूज'बद्दल नाव घेऊन विचार. गाडी दुरुस्तीला असते तेवढ्या दिवसांचं बुडालेलं भाडंही कंपनी मागते आणि बऱ्याच पॉलिसी ते देत नाहीत.

रात्री आळीपाळीने चालवणार असाल, तर सगळ्यांची नावं करारात घाला. जादा ड्रायव्हरचे पैसे पडले तरी पडोत. नाव नसलेला चालवत असताना गाडी ठोकली, तर विकत घेतलेलं वेव्हरही कामाचं राहत नाही.

आणि पुढे घर बदलताना ट्रक आणशील, त्याला यातलं काही लागू धरू नकोस. कार्डं ट्रक वगळतात, आपली पॉलिसीही बहुधा ट्रकचं नुकसान देत नाही. तिथे ट्रकवाल्याचंच संरक्षण घ्यायचं, आणि पुलाखालून जाताना उंचीची पाटी वाचायची. वरचं छत घासलं तर तेही बऱ्याचदा वगळलेलं असतं.