क्रेडिट कार्डाचे व्याज : बँकेशी बोलणी कशी करावी?

कंधारच्या बाजारात उधारी म्हटली की वही आठवते. नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल आणायचा आणि लग्नसराई झाली की हिशेब चुकता करायचा. आता वहीसोबत खिशात क्रेडिट कार्डही आले आहे. वहीवाल्याला आपण मुदत मागतो, भावात सूट मागतो. बँकेकडेही मागता येते, हे मात्र आपल्या बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आधी हिशेब पाहू. समजा, एका शिंपी बांधवाचे कार्डावर 40,000 रुपये थकले. अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लागते. महिन्याचे व्याज झाले 1,400 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252 रुपये. त्याने 2,000 रुपये भरले, तरी मुद्दलातून 348 रुपयेच फिटतात. दर दोन टक्के झाला, तर तेवढ्याच पैशांत 1,056 रुपये फिटतात.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरील कार्ड-व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द केला. म्हणून आता बोलणी आपल्यालाच करावी लागतात. आम्ही सुचवितो ती पद्धत अशी :

1) कार्ड बाजूला ठेवावे. थकबाकी असताना नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते.

2) थकबाकी, दर आणि दरमहा किती भरता येईल, हे कागदावर लिहावे. झेपेल तेवढेच कबूल करावे.

3) भरणा चुकण्यापूर्वीच बँकेला गाठून दर कमी करण्याची सरळ मागणी करावी. नकार मिळाल्यास थकबाकीचे कमी दराने मासिक हप्ते पाडून मागावेत. काही बँका दुसऱ्या बँकेच्या कार्डाची थकबाकीही कमी दराने आपल्याकडे घेतात. मात्र प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार आधी विचारावा.

4) फोनवरच्या शब्दावर विसंबू नये. जे ठरले ते लेखी घ्यावे.

5) 'थोडे भरा, बाकी सोडतो' अशा तडजोडीपासून सावध राहावे. सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद होते आणि पुढे दुकानासाठी कर्ज मिळणे अवघड जाते.

6) लेखी ठरलेले बँकेने पाळले नाही, तर आधी बँकेकडे तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

ज्यांना व्याजापासून दूरच राहायचे आहे, त्यांनी प्रत्येक बिल मुदतीत पूर्ण भरावे. मग खरेदीवर व्याज लागत नाही. कार्डावर रोख रक्कम मात्र काढू नये, कारण तिच्यावर पहिल्या दिवसापासूनच व्याज सुरू होते.

मालाचा भाव करताना आपण संकोचत नाही. मग पैशाचा भाव करताना का संकोचावे?