आधी मिस्त्री शोध

चि. सोन्यास,

जुनी फियाट घ्यावी की जुनी मारुती, असं विचारलंस. ताईचा फोन आधीच येऊन गेला, ‘दोन्ही नको म्हणून लिही.’ ते काही मला जमणार नाही.

आमच्या तोंडात फियाटच. कागदावर प्रीमियर पद्मिनी. वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून बनणाऱ्या फियाटलाच सत्तरच्या दशकात हे नाव मिळालं. गाडी तीच, बारसं दुसरं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ओढ मागच्या चाकांना, गिअर स्टिअरिंगलगत. त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. लग्नाला निघालं की चालवणाऱ्याशेजारी दोघं आणि मांडीवर एक पोर हे धरलेलंच. बोनेट उघडलं की सगळं ओळखू येतं, हात आत जातो. उन्हाळ्यात घाटात पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बसायची. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, शेंगदाणे खात थांबायचं, पुन्हा किल्ली मारायची. गाडी शिकणं म्हणजे हेही शिकणं.

मारुती 800 ने हा धडाच पुस्तकातून काढला. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली. 796 सीसी, तीनच सिलिंडर, ओढ पुढच्या चाकांना, अंगानं हलकी. आम्ही फियाटवाले तिला साबणाची डबी म्हणून हसलो आणि एकेक करून तिच्यातच जाऊन बसलो.

रोज कामावर न्यायची असेल तर आठशेच घे. रविवार ग्रीसमध्ये घालवायची हौस असेल तर फियाट. माझं मन कुठे आहे ते तुला ठाऊक आहे, पण मनाला सुटे भाग शोधत हिंडावं लागत नाही. म्हणून गाडीआधी मिस्त्री शोध. इग्निशनच्या पॉइंटची फट नीट लावणारा हात आता विरळा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

रंगाला भुलू नकोस. मी एकदा भुललो होतो. इसार देऊन गाडी घरी आणली, पायाखालचं मॅट उचललं तर खाली रस्ता दिसला! पत्र्यावरून लोहचुंबक फिरव. चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या घेतल्या घेतल्या बदल. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं फुगतं, चिरतं. आणि आरसी बुक बघ. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ते आधी.

शनिवारी सकाळी येतोय, चुंबक घेऊन. मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तरी केलीच, तर बोनेटला हात लावला की कळेल.

तुझा,
मामा