चैत्रात चालवलेली कात्री

गुढीपाडवा झाला आणि मी अंगणातल्या दोन लिंबांवर आणि कुंपणाच्या मेंदीवर कात्री चालवली. फांद्या भिंतीला घासत होत्या. शिवाय पानं कमी झाली की पाणीही कमी लागेल, असा माझा हिशेब. गंगापूरच्या उन्हाळ्यात पाण्याचा विचार आधी येतोच.

पंधरा दिवसांत पश्चिमेकडच्या लिंबाची साल तडकली. वर्षानुवर्षं पानांच्या सावलीत राहिलेलं खोड चाळिशीपारच्या उन्हात उघडं पडलं होतं. सालीतून डिंक ओघळू लागला. मेंदीला फुटलेली कोवळी पालवी करपली. मेंदीतलं बुलबुलाचं घरटं उघडं पडलं, त्याचं वाईट अजून वाटतं. मी घाबरून रोज भर दुपारी बुंध्याशी पाणी ओतत राहिलो. ही दुसरी चूक, कारण खोडाशी ओल साचली की डिंक्या रोग वाढतोच. मृग लागेपर्यंत ते झाड वाळलं.

कायगावकडचे एक मोसंबीवाले काका ते बघून म्हणाले, "मास्तर, झाडाला बी सावली लागतीच की." २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या कितीतरी बागा जळाल्या, काकांनी टँकरचं पाणी आणि पाचट यांवर आपली बाग जगवली होती. दुसरं लिंबू त्यांच्या सांगण्यामुळे वाचलं.

त्यांनी आधी खोडाला बोर्डो पेस्ट लावायला लावली. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं चालत नाही. स्वच्छ विळ्याचं पातं त्यात बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी ब्रशने जमिनीपासून दोन-तीन फूट लावा. हे काम फेब्रुवारीतच उरकलेलं बरं.

पाणी संध्याकाळी द्या, तेही खोडाशी नाही, झाडाच्या घेराखाली आळं करून. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं तिथंच जास्त असतात. खोडाभोवती मातीची भर ठेवा. आळ्यात तीन-चार इंच पाचट, सोयाबीनचा भुसा किंवा नुसता पालापाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. जमिनीकडे झुकलेल्या फांद्या कितीही गबाळ्या दिसल्या तरी राहू द्या, खोडाचं ऊन त्याच अडवतात.

उन्हाळ्यात काढायची ती फक्त सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, आणि मोडकी फांदी. मेंदीची छाटणी जूनचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. तोवर काही घरट्यांतली पिल्लंही उडून गेलेली असतात, आणि छाटलेल्या काड्या ओल्या मातीत खोचल्या तर कुंपणातली भगदाडंही भरतात.

आणि उन्हाळ्यात एखादी फांदी वाळलीय असं वाटलं, तर कात्री लावण्याआधी नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, तिला हात लावू नका.