समुद्राच्या पाण्याची उष्णता व खरिपाचा पाऊस

"यंदा एल निनो आहे, तर पेरणी करावी की नाही?" असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी समुद्राच्या तापमानातील दोन फेरफार निरनिराळे ओळखावयास हवेत.

पहिला फेरफार दर दोन ते सात वर्षांनी येतो व बहुधा वर्षभरात ओसरतो. एल निनो हा त्यांपैकीच होय. त्यावेळी पॅसिफिक महासागराचे विषुववृत्तालगतचे मधले व पूर्वेकडील पाणी नेहमीपेक्षा तापते. दुसरा फेरफार संथ असून अनेक दशकांच्या नोंदी जुळविल्यावाचून तो दिसत नाही.

या नोंदी जुळविणे सोपे नव्हे. पूर्वी खलाशी बादलीने पाणी वर ओढून त्यात तापमापक बुडवीत. कॅनव्हासच्या बादलीतील पाणी माठातल्या पाण्याप्रमाणे निवत असे, म्हणून नोंद खऱ्याहून कमी येई. पुढे जहाजाच्या एंजिनासाठी आत घेतलेले पाणी मोजू लागले. ते किंचित अधिक भरे. हे दोष वजा केले नसते, तर तापवाढ वाजवीपेक्षा मोठी दिसली असती. ते वजा करूनही, १८५०–१९०० च्या मानाने २०११–२०२० या दशकात जगातील समुद्रांचा पृष्ठभाग सुमारे ०.९ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण आढळला. उष्ण कटिबंधातील हिंदी महासागर तर १९५१ ते २०१५ या काळातच सुमारे १ अंशाने तापला. एक अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु हवा तेवढी तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे थोड्या वेळात धो धो पाऊस कोसळण्याचा संभव वाढतो. पिकास हवा असलेला बेताचा, अंतराअंतराने पडणारा पाऊस वाढेलच, असे मात्र नाही.

एल निनोविषयी अनुभव असा की, २००२ व २००९ साली देशात मोठे अवर्षण पडले. परंतु १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचे पश्चिमेकडील पाणी नेहमीपेक्षा उष्ण व पूर्वेकडील थंड होते, व त्याने पावसास हात दिला, असे मानतात. सबब केवळ एका शब्दावरून बी घरात ठेवणे किंवा घाईने रानात टाकणे, दोन्ही बरे नव्हे.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी करावी. दुबार पेरणीचे बी व खत उधारीवर आणण्याची पाळी तेणेकरून सहसा टळते. कार्यकर्त्यांनी आपल्या महसूल मंडळातील पावसाचा आकडा रोज गावच्या फलकावर लिहावा.