शुक्रवारचं हैदराबाद, आगाऊ पैसे भरून

शहर दाखवणाऱ्या बसचे पैसे घरून निघण्याआधी भरू नका. रेल्वेचं आरक्षण करा, मुक्कामाची खोली ठरवा. पण सिटी टूर त्या शहरात पोचल्यावर, आदल्या संध्याकाळी बघा. माझा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून आधी घडलं ते सांगते.

आम्ही नांदेडचे. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना हैदराबाद परकं वाटत नाही. आजोबा कचेरीच्या कामाला तिथं जायचे. एकदा त्यांनी आईला बरोबर नेलं आणि सालारजंग म्युझियममधलं ते संगीत घड्याळ दाखवलं. तेव्हा म्युझियम दिवाण देवडीत होतं. मुसीकाठच्या आताच्या इमारतीत ते 1968 मध्ये आलं. दर तासाला घड्याळातून एक छोटा माणूस बाहेर येतो, ठोके देतो आणि आत जातो. दुपारी बाराला सगळ्यात जास्त ठोके, म्हणून तेव्हा समोर गर्दी जमते. आईनं हे आम्हाला लहानपणापासून सांगितलंय. आता तिचे गुडघे गेलेत. म्हटलं, एकदा दाखवून आणू.

आमच्याच गावातल्या एका टूरवाल्याकडे सगळ्यांचे पूर्ण पैसे भरले. छापील कागद मिळाला: चारमिनार, मक्का मशीद, चौमहल्ला राजवाडा, सालारजंग (दीड तास), गोवळकोंडा. वार शुक्रवार. मी त्याला समोरासमोर विचारलं होतं, ‘दादा, शुक्रवारी सगळं उघडं असतं ना?’ तो म्हणाला, ‘ताई, टुरिस्टची ठिकाणं आहेत, बंद ठेवून कसं चालेल त्यांचं?’ हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर ‘तुम्ही आधी विचारायला हवं होतं’ असं मलाच ऐकवलं गेलं.

सकाळी बस निघाली. चारमिनारपाशी उतरवलं. जुम्म्याची गर्दी वाढत चालली होती, मक्का मशिदीत तेव्हा जाता येणार नाही म्हणाले. चौमहल्ला बाहेरूनच. आई म्हणाली, ‘असू दे, आपल्याला घड्याळ बघायचंय.’ बस पुन्हा नदीकडे वळली. गाइडनं माइक हातात घेतला आणि डावीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘ये सालारजंग म्युझियम, दुनिया में मशहूर.’ बस थांबली नाही. मी उठून पुढं गेले. तो म्हणाला, ‘मॅडम, आज जुम्मा है ना, बंद रैता.’ चौमहल्लाही शुक्रवारी बंदच असतो, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं.

मागच्या सीटवर सोलापूरचं एक कुटुंब होतं. त्यातल्या काकू म्हणाल्या, ‘आम्हाला काल रात्री हॉटेलच्या काउंटरवरच सांगितलं. म्युझियम नाही म्हणून माणशी दोनशे कमी घेतले.’ बस तीच, गाइड तोच, आणि आम्ही जास्त पैसे भरून कमी माहितीवर बसलो होतो. तेव्हा मला सगळं उलगडलं. आमच्या टूरवाल्याकडे एकच कागद आहे आणि तो आठवड्याच्या सातही दिवसांना चालतो. हॉटेलवाल्याला दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं असतं. आमचा टूरवाला पावणेतीनशे किलोमीटर दूर, आणि पैसे त्याच्या खिशात. मी बसमधूनच फोन केला. म्हणाला, ‘ताई, ऑपरेटर लोकल आहे, ते आमच्या हातात नसतं.’ पैसे घेताना मात्र ते त्याच्याच हातात होतं.

आईला काय सांगायचं, ते मला सुचेना. तिनं विचारलंही नाही. खिडकीतून मागं वळून बघत राहिली.

वाचलेला वेळ गेला मोत्यांच्या शोरूममध्ये. हैदराबादचे मोती प्रसिद्ध आहेतच, हवे असतील त्यांनी पत्थरगट्टीला जाऊन निवांत घ्यावेत. आम्हाला तासाभराहून जास्त वेळ तिथं बसवलं, चहा दिला, बसचं दार बंद. मग गोवळकोंड्याला चाळीस मिनिटं! फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते, हा तिथला चमत्कार. पण वर जाऊन ऐकायला साडेतीनशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. चाळीस मिनिटांत कोण चढणार आणि कोण उतरणार? त्याच रात्री परतीची गाडी होती. घड्याळ राहिलं ते राहिलंच.

आता कामाचं. निघण्याआधी प्रत्येक ठिकाणाची साप्ताहिक सुट्टी स्वतः बघा, टूरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. सालारजंग आणि चौमहल्ला शुक्रवारी बंद, तिथलं प्राणिसंग्रहालय सोमवारी. ताजमहालही शुक्रवारी बंद असतो. आपल्याकडे अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे आपल्याला पाठ असतं. बाहेरून आलेल्यांना ते कुणीच सांगत नाही, आणि ती माणसं फाटकापाशी हताश उभी असलेली मी पाहिली आहेत.

बस ठरवताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: कुठं आत नेणार, कुठं बाहेरून, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, खरेदीचे थांबे किती. ‘साइट सीन’ एवढंच लिहिलं असेल तर ते खिडकीतून धरा. प्रवेशफी पॅकेजमध्ये असेल तर मुलांचे पैसे तपासा. चारमिनार, गोवळकोंडा ही पुरातत्त्व खात्याची ठिकाणं. तिथं 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. आमच्याकडून मुलांचीही ‘एंट्री’ घेतली होती.

पूर्ण रक्कम आधी देऊ नका.

आगाऊ बुकिंग कुठंच करू नये असं मी म्हणत नाही. रामोजी फिल्म सिटीसारखं एकच ठिकाण, एकच मालक, पूर्ण दिवस असेल, तर सुट्ट्यांच्या दिवसांत तिकीट आधी काढलेलं बरं, तेही थेट त्यांच्याकडूनच. म्हातारं माणूस बरोबर असेल तर मी आता बसच घेणार नाही. दिवसभराची रिक्षा किंवा टॅक्सी जरा महाग पडते, पण जिथं थांबायचं तिथं थांबते.

आणि गप्प बसू नका. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, हैदराबादला खेटे घालावे लागत नाहीत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पावती, छापील कागद, मेसेज जपून ठेवा.

आमचा टूरवाला म्हणतो, ‘ताई, पुढच्या तिरुपतीच्या टूरमध्ये अॅडजस्ट करून देतो.’ मला अॅडजस्ट नको, म्युझियमचे आणि मुलांच्या एंट्रीचे पैसे रोख हवेत. सोलापूरच्या काकूंनी त्यांच्या पावतीचा फोटो पाठवलाय. तो माझ्या छापील कागदाबरोबर तक्रारीला जोडला आहे.